लेवोचा, स्पिशचा किल्ला आणि स्लोव्हाक पॅराडाइज: जायच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

मी मूळचा पुण्याचा, गेली काही वर्षं ब्रातिस्लावात नोकरीला आहे. उन्हाळा आला की मित्रांचे, मावस-चुलत भावंडांचे, त्यांच्या ऑफिसातल्या लोकांचे मेसेज सुरू होतात, व्हिएन्ना-बुडापेस्ट करतोय तर मधे स्लोव्हाकियात काय बघू? माझं उत्तर दरवेळी एकच असतं, लेवोचा. आणि मग पुढचे प्रश्नही तेच तेच येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

लेवोचा आहे कुठे? नावच ऐकलं नाही कधी.

पूर्व स्लोव्हाकियात, स्पिश नावाच्या भागात. उत्तरेला हाय टाट्राचे डोंगर, दक्षिणेला स्लोव्हाक पॅराडाइजच्या घळी आणि मधे हे तटबंदीतलं छोटं गाव. जुन्या पुस्तकांत किंवा नकाशात लॉयचाऊ (जर्मन) किंवा लोचे (हंगेरियन) असं दिसलं तर गोंधळू नका, तेच गाव आहे. तेराव्या शतकात मंगोल स्वारीने हा भाग उजाड झाला, त्याच्या आगेमागे हंगेरीच्या राजांनी जर्मन लोकांना इथे आणून वसवलं, १२४९ च्या कागदात गावाचा पहिला उल्लेख मिळतो. नंतर १३२१ मध्ये गावाला एक मोठा हक्क मिळाला, इथून जाणाऱ्या व्यापाऱ्याला थांबून माल विक्रीला काढावाच लागायचा. गावात जो पैसा आला तो असा आला, आणि आज चौकात जी घरं दिसतात ती त्याच पैशातून उभी राहिली.

किती दिवस ठेवू? एका दिवसात होईल ना?

नाही होणार, आणि हेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. लोक बुडापेस्टहून क्राकोला जाताना जवळच्या स्पिशच्या किल्ल्यापाशी गाडी थांबवतात, दोन तास फिरतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. त्यात काहीच हाती लागत नाही. चार रात्री लेवोचातच मुक्काम करा, जमलं तर पाच. एक दिवस गाव, एक दिवस किल्ला आणि त्याच्या आजूबाजूचं, एक दिवस घळी, एक दिवस टाट्रा. संध्याकाळी बाहेरचे लोक निघून गेले की चौकात बाकांवर गावातली म्हातारी माणसं येऊन बसतात, पोरं सायकली फिरवतात आणि टाउन हॉलच्या कमानींवर तिरकं ऊन येतं, ते बघायला मुक्कामच लागतो.

व्हिसा कुठला?

स्लोव्हाकिया २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो, वेगळा काही लागत नाही. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा, रात्री सारख्या असतील तर पहिली एंट्री जिथे तिथे. मोठ्यांची फी सध्या ९० युरो आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३० हजार युरोंचा हवा. चलन युरोच आहे, २००९ पासून.

पोहोचायचं कसं?

मुंबईहून सरळ फ्लाइट नाही. व्हिएन्ना किंवा बुडापेस्टला उतरणं बरं पडतं. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा ट्रेनने साधारण तासाभरावर, तिथून कोशित्सेकडे जाणारी गाडी पकडायची आणि पोप्राड किंवा त्याच्या पुढच्या स्पिशस्का नोवा वेसला उतरायचं. ब्रातिस्लावा ते पोप्राड चारेक तास लागतात, अर्ध्या रस्त्यात वाह नदी सोबत असते, डाव्या-उजव्या हाताला कड्यांवर पडके किल्ले दिसत राहतात, त्यामुळे खिडकीची सीट घ्याच. लेवोचात मात्र नेहमीची पॅसेंजर ट्रेन येत नाही. वरच्या दोन्हीपैकी कुठल्याही स्टेशनवरून बस घ्यायची, नोवा वेस जास्त जवळ, १३ किलोमीटर वगैरे.

बसवर भरवसा ठेवता येतो का, का गाडीच भाड्याने घेऊ?

सोमवार ते शुक्रवार बसेस छान आहेत. शनिवार-रविवार जपून. स्टॉपवरच्या टाइमटेबलमध्ये वेळेशेजारी बारीक चिन्हं असतात, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे ही बस फक्त कामाच्या दिवशी, आणि क्रॉस म्हणजे रविवारी-सुट्टीच्या दिवशी. मला हे माहीत नव्हतं तेव्हा एका रविवारी मी आणि बायको किल्ल्याखालच्या गावात हातोडेवाल्या बसची दीड तास वाट बघत बसलो होतो, शेवटी एका आजोबांनी चिन्हावर बोट ठेवून दाखवलं आणि आपल्या गाडीतून लेवोचापर्यंत आणूनही सोडलं. सीपी डॉट एसके ही साइट किंवा तिचं ॲप वापरा, बस आणि ट्रेन दोन्ही एकत्र दिसतात.

चार जण असाल तर गाडीच घ्या. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातून काढून आणायचं. हायवेसाठी ई-विनिएट, म्हणजे टोलचा पास, आधी ऑनलाइन घ्यायचं, दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे, आणि दारूची मर्यादा इथे शून्य आहे, एक बिअरसुद्धा नाही.

गावात नेमकं बघायचं काय?

आधी सेंट जेम्सचं चर्च, आणि त्यातला मास्टर पावेलचा अल्टार, म्हणजे मुख्य वेदीच्या मागे उभारलेला लाकडी देव्हारा म्हणा. १८.६२ मीटर उंच, जगातला सगळ्यात उंच गॉथिक लाकडी अल्टार हाच. १५०७ ते १५१७ अशी दहा वर्षं काम चाललं. लिंडन झाडाचं मऊ लाकूड, त्यावर रंग आणि सोनं. मधे मेरी, एका बाजूला संत जेम्स, दुसऱ्या बाजूला संत जॉन, तिन्ही मूर्ती माणसापेक्षा उंच, मेरी तर जवळजवळ अडीच मीटर.

पण माझं ऐका, वर बघून झालं की नजर खाली आणा, अगदी तळाच्या पट्टीत. तिथे लास्ट सपर, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण, कोरलंय. जेवणाच्या टेबलाभोवती बारा शिष्य आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा, एखाद्या पंगतीत दिसतील तशी माणसं, कुणी खाण्यात गुंग आहे, कुणी शेजाऱ्याशी बोलतोय, जॉन बिचारा येशूच्या पुढ्यातच डोकं टेकून झोपलाय. माझी आई देवळांतली कोरीव कामं आयुष्यभर बघत आलेली, ती इथे वीस मिनिटं हलली नाही. हातांकडे बघ म्हणाली, हातांवरच्या शिरासुद्धा काढल्यात. हा मास्टर पावेल कोण, कुठून आला, याबद्दल फार थोडं हाती लागतं. १५५० ला गावाला मोठी आग लागली, त्यात खूप काही गेलं. त्याचं काम मात्र राहिलं.

चर्चमध्ये ठरावीक वेळांनाच आत सोडतात, म्हणून सकाळी पोहोचल्या पोहोचल्या तिकीट आणि वेळ बघून घ्या आणि मग बाकीचं गाव फिरा. आम्ही गेलो तेव्हा आत फोटोला मनाई होती.

चर्चच्या बाजूलाच टाउन हॉल, कमानींचा, त्या आगीनंतर नव्याने बांधलेला. त्याच्याजवळ लोखंडी पिंजरा उभा आहे, लाजेचा पिंजरा म्हणतात त्याला, साधारण १६०० च्या सुमाराचा. वागणूक चांगली नाही असा ठपका आलेल्या बायकांना त्यात कोंडून चौकात सगळ्यांसमोर उभं करायचे. लोक आत शिरून हसत फोटो काढतात. मला ते बघवत नाही. पट्ट्यांचं नक्षीकाम सुंदर आहे, लोहाराने मन लावून केलेलं आहे, आणि तेच जास्त टोचतं.

टाउन हॉलमधल्या म्युझियममध्ये लेवोचाच्या गोऱ्या बाईची गोष्ट विचारा. युलियाना नावाची ही बाई, राकोत्सी नावाच्या हंगेरियन सरदाराने बादशहाविरुद्ध केलेल्या बंडाच्या वेळी तिने म्हणे रात्री तटाचा दरवाजा बादशाही सैन्याला उघडून दिला. पुढे १७१४ मध्ये तिचाच शिरच्छेद झाला. फितूर की फसवली गेलेली, यावर अजून लोक बोलतात.

मग तटबंदीच्या कडेने एक फेरी मारा. बराचसा तट अजून शाबूत आहे, बाहेरच्या अंगाने चालायला तासभर पुरे.

स्पिशचा किल्ला म्हणजे आपल्या किल्ल्यांसारखाच का?

गडकिल्ले फिरणाऱ्या माणसाला तिथे एकदम घरच्यासारखं वाटतं, एवढं नक्की. लेवोचाहून १५ किलोमीटर, चार हेक्टरच्या वर पसारा, मध्य युरोपातल्या सगळ्यात मोठ्या किल्ल्यांपैकी एक. बाराव्या शतकात सुरुवात झाली, १२४१ च्या मंगोल स्वारीत टिकला. हंगेरीचा राजा झालेला यानोश झापोल्या इथलाच जन्माला आलेला. पुढे किल्ला थुर्झो घराण्याकडे आला, मग चाकी घराण्याकडे. १७८० ला आग लागली आणि तेव्हापासून अवशेषच आहेत. १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, आणि २००९ मध्ये त्याच नोंदीत लेवोचाचीही भर पडली.

चढ सोपा आहे, वीस-पंचवीस मिनिटं. सावली मात्र अजिबात नाही, टोपी आणि पाणी घ्या. आत डागडुजीची कामं चालू असतात, त्यामुळे वरचा एखादा भाग बंद मिळू शकतो. हिवाळ्यात जायचं असेल तर उघडा आहे का ते आधी बघा.

सगळे इथूनच परत फिरतात आणि चुकतात. किल्ल्याच्या मागे ड्रेवेनिक नावाचा डोंगर आहे, पूर्ण ट्रॅव्हर्टाइनचा. खनिज झऱ्यांच्या पाण्यातला चुना हजारो वर्षं साचत साचत जो दगड बनतो तो ट्रॅव्हर्टाइन. किल्ला उभा आहे तो कातळही तोच. ड्रेवेनिकवर या दगडाच्या भिंती आणि सुळके झालेत, मधल्या अरुंद फटीतून चालत जाता येतं, तिथून मागे वळून बघितलं की गवताच्या माळावर किल्ला असा काही दिसतो की तिकीट काढून आत गेलात तरी तसा दिसणार नाही. आणि लेवोचाहून येताना रस्त्याला लागून सिवा ब्राडा आहे, हा दगड अजून तयार होतोय ती जागा. पांढऱ्या-करड्या टेकाडावर छोटं चॅपल आणि जमिनीतून बुडबुडे काढणारं पाणी. हात घालून बघा, थंड असतं, गरम नाही. चव लोखंडाची.

वेळ असेल तर झेहरा गावातलं चर्च पण करा, तेराव्या शतकातलं, आत भिंती चित्रांनी भरलेल्या.

स्लोव्हाक पॅराडाइजमध्ये ट्रेक खरंच शिड्यांवरून असतो?

हो. आणि तोच तर आनंद आहे. हे चुनखडीचं पठार आहे, साधारण २०० चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क, १९८८ पासून. पाण्याने पठार वरून खाली चिरत नेलंय, त्या चिरांमध्ये ओढे, धबधबे, आणि वाट त्या ओढ्यातूनच जाते. कुठे आडवे टाकलेले ओंडके, कुठे साखळ्या, कुठे कड्यात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या आणि धबधब्याच्या अगदी शेजारून उभ्या शिड्या.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सुखा बेला ही घळ करावी, पोडलेसोक नावाच्या ठिकाणाहून सुरू होते. सुखा म्हणजे आपलं सुका, अर्थही तोच आणि शब्दाचं मूळही तेच, शुष्क. पावसानंतर गेलात तर मात्र सुकी अजिबात नसते! घळीत फक्त वरच्या दिशेनेच जायचं हा नियम आहे, कारण शिडीवर समोरून कोणी आलं तर दोघांनाही जागा नाही. वर जायला दोन-अडीच तास धरा, परतीची वाट जंगलातून वेगळी आहे. एका ठिकाणी शिडी कड्यातल्या खिडकीसारख्या भोकाजवळ नेते, पाणी हातभर अंतरावरून खाली पडतं, शिडीचं लोखंड बर्फासारखं गार आणि पायाखाली जाळीतून सरळ खाली दिसतं. त्या क्षणी खाली बघू नका, पुढच्या पायरीकडे बघा.

वरून पुढे क्लाश्टोरिस्कोला जा, कुरणात चौदाव्या शतकातल्या मठाचे अवशेष आहेत, मंगोल स्वारीच्या वेळी आसपासचे लोक याच डोंगरावर लपले होते असं सांगतात, आणि जेवायला शाले, म्हणजे डोंगरातली खानावळ, आहे.

सकाळी आठला सुरू करा. जुलै-ऑगस्टमध्ये दहानंतर शिड्यांखाली रांग लागते. ग्रिप असलेले बूट हवेतच, पाय ओले होणार हे धरून चला, म्हणजे जादा मोजे. सिझनमध्ये घळींना प्रवेश तिकीट असतं.

वाटेवरचे लाल-निळे पट्टे म्हणजे अवघड-सोपं का?

नाही, हा गैरसमज सगळ्यांचा होतो. रंग फक्त वाट ओळखायला, लाल सहसा लांब पल्ल्याची मुख्य वाट आणि पिवळी छोटी जोडवाट. पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते, आणि ती वेळ न थांबता चालणाऱ्या माणसाची असते. मुलं सोबत असतील तर दीडपट धरा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना काय दाखवू?

त्यांना शिड्या नकोत. टोमाशोव्स्की व्हीह्ल्याड नावाची जागा आहे, कड्याची मोकळी कडा, खाली होर्नाड नदीची दरी आणि समोर हवा स्वच्छ असेल तर सगळी टाट्राची रांग. चिंगोवच्या बाजूने चढ आहे, हळूहळू जमतो, पण कड्याला कठडा नाही, हात धरून न्या. किंवा टाट्रात ह्रेबियेनोकला फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने, वर जाऊन स्टुडेनी ओढ्याच्या धबधब्यांपर्यंत चालत जा, अर्ध्या तासाची सुंदर वाट. माझी आई ६८ वर्षांची, तिने हे दोन्ही केलं.

बर्फाची गुहा उन्हाळ्यातही बर्फाचीच असते?

डोबशिन्स्का नावाची ही गुहा, हो, भर ऑगस्टमध्येसुद्धा. गुहेचा आकार पिशवीसारखा, तोंड वर आणि पोट खाली. हिवाळ्यात जड थंड हवा आत उतरते आणि उन्हाळ्यात हलकी गरम हवा तिला बाहेर काढू शकत नाही. त्यामुळे आत १ लाख १० हजार घनमीटर बर्फ साठलाय, काही ठिकाणी २६ मीटर जाड. १८७० मध्ये युगेन रुफिनी नावाचा खाण इंजिनियर दोराने आत उतरला, १८८७ ला तर विजेचे दिवे लागले. २००० पासून युनेस्कोत आहे. साधारण मे मध्य ते सप्टेंबर एवढीच उघडी असते, सोमवारी बंद. पार्किंगपासून वीस-पंचवीस मिनिटांचा चढ चढून घामाघूम होऊन आत शिरायचं असतं, म्हणून स्वेटर बॅगेत हवाच. लेवोचाहून रस्ता वळणांचा आहे, सकाळी लवकर निघा.

टाट्रा एका दिवसात होईल?

एक चव घेता येईल. पोप्राडहून छोटी इलेक्ट्रिक ट्रेन वर जाते, श्ट्रब्स्के प्लेसो हे १३४६ मीटरवरचं तळं शेवटचं स्टेशन. तळ्याला फेरी मारा, दम असेल तर पोप्राडस्के प्लेसोपर्यंत जा, सव्वा तास. जाताना उतारावर मधेच झाडं लहान आणि विरळ दिसतील, १९ नोव्हेंबर २००४ च्या वादळात एका संध्याकाळी जंगलाचा भला मोठा पट्टा आडवा झाला, तिथे आता नवीन झाडी वाढतेय.

२६३४ मीटरच्या लोम्नित्स्की श्टीटवर केबल कार जाते, जागा कमी असतात, आधी बुक करा. सगळ्यात उंच गेर्लाख, २६५५ मीटर, तिथे लायसन्सवाल्या गाइडशिवाय जायचं नाही.

वरच्या वाटेवर पाठीवर लाकडी चौकट आणि त्यावर डोक्याच्याही वर रचलेली खोकी घेतलेला माणूस दिसला तर बाजूला होऊन वाट द्या. हे नोसिच, डोंगरातल्या शाल्यांना लागणारं सामान असं पाठीवरून नेतात. लोक त्यांना शेर्पाही म्हणतात. वरच्या वाटा १ नोव्हेंबरला बंद होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये येऊन शिखरांची स्वप्नं बघू नका.

अस्वलं आहेत म्हणे?

आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात एकटं फिरू नका, बोलत चला, खाण्याचा कचरा टाकू नका, वाट सोडू नका.

पडलो-झडलो तर?

११२, किंवा माउंटन रेस्क्यूचा १८३००. लक्षात ठेवा, डोंगरातल्या सुटकेचं बिल इथे ज्याला वाचवलं त्याला येतं, हेलिकॉप्टर आलं तर रक्कम मोठी असते. व्हिसासाठी काढलेल्या इन्शुरन्समध्ये डोंगरातली सुटका धरलेली आहे का ते वाचा, बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते.

जुलैत गावात हॉटेलच मिळत नाहीये, काय प्रकार आहे?

गावाच्या वर मारियान्स्का होरा आहे, डोंगरावर मेरीचं चर्च. जुलैच्या पहिल्या रविवारी तिथे देशातली मोठी यात्रा भरते, लोक लांबलांबून पायी येतात. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा लाखोंचा जमाव होता. आमचे बाबा दोनदा पायी पंढरपूरला गेलेले, ते इथे आले तेव्हा नेमकी यात्रा होती. गावातून वर जाणाऱ्या रस्त्याने झेंडे घेऊन, गाणी म्हणत, तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन माणसं चालली होती, बाबा त्यांच्याबरोबर पूर्ण वरपर्यंत चालले, भाषेचा एक शब्द कळत नसताना. एका बाईंनी त्यांना पाणी दिलं, त्यांनी हात जोडले. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा, पण मी म्हणेन सहा महिने आधी खोली बुक करा आणि याच. ५ जुलैला सरकारी सुट्टी असते, दुकानं बंद, दूध-ब्रेड आदल्या दिवशीच आणून ठेवा.

व्हेजिटेरियन माणसाचं भागतं का?

भागतं, पण विचारून. ब्रिंझोवे हालुश्की हा मुख्य पदार्थ. किसलेला बटाटा आणि मैदा यांचं सैल पीठ, झाऱ्यातून बुंदी पाडतात तसं उकळत्या पाण्यात पाडायचं आणि वर मेंढीच्या दुधाचं ब्रिंझा चीज घालायचं. यावर तळलेल्या बेकनचे तुकडे आणि त्याचं तूप येतंच, म्हणून ऑर्डर देतानाच 'बेझ स्लानिनी' म्हणा. पिरोही म्हणजे उकडीच्या करंज्यांसारखे, बटाटा-ब्रिंझा भरलेले. विप्राझानी सिर म्हणजे तळलेलं चीज, मुलं रोज खातील. सूपमध्ये हाडांचं पाणी असू शकतं, विचारा. जैन जेवण मिळणार नाही, खोलीत किचन असलेली जागा घ्या आणि सोबत खिचडीचं सामान. कोफोला हे इथलं कोला, औषधी वास येतो, दुसऱ्या ग्लासला आवडायला लागतं.

इंग्रजी चालतं का?

तरुण मंडळींशी चालतं. दुकानात शिरताना 'दोब्री द्येन्' आणि निघताना 'द्याकुयेम' म्हटलंत की समोरचा चेहरा लगेच सैल होतो. आणि कान उघडे ठेवा, द्वे, त्रि म्हणजे दोन, तीन, द्वेरे म्हणजे दार, दिम म्हणजे धूर. बाबांना हे ओळखायचा छंदच लागला होता.

कधी यावं?

सप्टेंबर. घळीत गर्दी ओसरलेली, हवा स्वच्छ, गुहा अजून उघडी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस येतो, म्हणून डोंगरातून दोनच्या आत खाली.

बॅगेत एखादी वेगळी गोष्ट?

छोटी दुर्बीण. टाट्रात कड्यांवरच्या रानबकऱ्या दिसतात, मारियान्स्का होरावरून गावाचा तट दिसतो, पण मुख्य म्हणजे त्या अल्टारसाठी. वरच्या निमुळत्या टोकांमध्ये शिष्यांच्या छोट्या मूर्ती आहेत, खालून नुसत्या डोळ्यांनी त्या सोनेरी ठिपक्यांसारख्या वाटतात. दुर्बीण लावली की त्यांच्या दाढ्या दिसतात.